नर्सच्या हाती प्रिस्क्रिप्शन: कुठवर, आणि कोणत्या अटींवर?

अश्मक

१९६५ साली अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. खेड्यांत मुलांचे डॉक्टर मिळत नव्हते, म्हणून अनुभवी नर्सना तपासणी आणि उपचारांचं वाढीव शिक्षण द्यायचं, एवढाच मूळ विचार होता. आज तिथल्या निम्म्याहून जास्त राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर डॉक्टरच्या सहीशिवाय रुग्ण तपासतात, चाचण्या सांगतात, औषध लिहितात.

आपल्याकडे ही कल्पना तीन दारांनी आत आली आणि त्यामुळे बोलताना सगळा घोळ होतो. पहिलं दार आयसीयूचं: भारतीय परिचर्या परिषदेचा दोन वर्षांचा 'नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर' हा पदव्युत्तर रेसिडेन्सी अभ्यासक्रम. दुसरं प्रसूतीचं: डिसेंबर २०१८ च्या मिडवाइफरी मार्गदर्शक सूचनांमधून आलेली 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी', १८ महिन्यांचं प्रशिक्षण. तिसरं उपकेंद्राचं: समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ. त्यांच्या पदनामात नर्स हा शब्द नाही, पण कामाचा गाभा बराचसा तोच आहे.

'नर्सने औषध लिहावं का' असा एकच प्रश्न विचारला की उत्तरं भावनिक येतात. म्हणून तो फोडून विचारतो. तपासणं, निदान करणं, औषध सुरू करणं, चालू ठेवणं आणि बदलणं ही पाच वेगळी कामं आहेत. यातली कोणती कुठल्या जागी नर्सकडे द्यावीत?

माझं मत: चालू ठेवणं आजच द्यावं. डोस बदलणं लेखी प्रोटोकॉलच्या आधाराने द्यावं. सुरू करणं ठराविक यादीपुरतं. पण छातीत दुखतंय, पोटात दुखतंय असं म्हणत आलेल्या नव्या रुग्णाचं निदान एकट्या नर्सवर सोडू नये.

कृपया डॉक्टर विरुद्ध नर्स असा आखाडा करू नका. ज्यांना कामाचा तपशील माहीत आहे त्यांनी सविस्तर लिहा.

निळा_गणवेश

सहावं काम राहिलं: औषध *थांबवणं*. आणि तेच सगळ्यात आधी नर्सकडे द्यायला हवं.

मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असलेल्या माणसाला दोन दिवस उलट्या-जुलाब झाले तर गोळी तात्पुरती बंद करायची असते. अंगातलं पाणी कमी होऊन मूत्रपिंडावर ताण येतो, आणि मेटफॉर्मिन मूत्रपिंडातूनच बाहेर पडतं. टेल्मिसार्टन किंवा एनालाप्रिल या रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या बाईची पाळी चुकली तर गोळी त्याच दिवशी थांबवून डॉक्टरकडे पाठवायचं, कारण ही औषधं गर्भाला घातक आहेत. ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेणारी म्हातारी एकादशीला उपाशी राहते आणि दुपारी घामाघूम होऊन पडते. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा रक्तातली साखर, मग जेवण. पुढची गोळी डॉक्टरशी बोलल्याशिवाय नाही.

या तिन्ही प्रसंगांत डॉक्टरची वाट पाहण्यात नुकसान आहे आणि थांबवण्यात धोका जवळपास नाही.

वैनगंगा

उपकेंद्रावर प्रत्यक्षात काय चालतं ते लिहितो, म्हणजे चर्चा हवेत राहणार नाही.

आशा ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म (मधुमेह, रक्तदाबासारख्या आजारांच्या जोखमीची प्रश्नावली) भरते. गुण ४ पेक्षा जास्त आले की त्या व्यक्तीला तपासणीसाठी आधी बोलवायचं. गुण कमी आले म्हणून तपासणी टळत नाही, हे बऱ्याच ठिकाणी विसरलं जातं. सीएचओ रक्तदाब, साखर, तोंडाची तपासणी करतात. स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी जिथे प्रशिक्षण झालं आहे तिथे. रक्तदाब १४०/९० किंवा वर, अथवा कुठल्याही वेळची साखर १४० किंवा वर आली की प्राथमिक आरोग्य केंद्रात. तिथे वैद्यकीय अधिकारी निदान पक्कं करून औषध लिहितात. त्यानंतर दर ३० दिवसांनी गोळ्या उपकेंद्रावरच मिळतात आणि प्रत्येक फेरीला रक्तदाब मोजला जातो. म्हणजे अश्मक, तुमच्या यादीतलं 'चालू ठेवणं' आजही नर्स आणि सीएचओच करतात.

अडतं ते इथे:

रक्तदाब चुकीचा मोजला जातो. रुग्ण चालत आला की लगेच पट्टा. पाच मिनिटं पाठ टेकून बसवायला हवं, पाय जमिनीवर, एकावर एक नको, दंड हृदयाच्या पातळीला टेकवलेला, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको. जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा खोटा वाढतो. हात लोंबकळत ठेवला तरी वाढतो. दोनदा मोजायचं. वहीत सगळे आकडे १४०/९०, १३०/८०, १२०/८० असे गोल दिसले की समजावं, मोजणी अंदाजे झाली आहे.

दुसरं, गोळ्यांचा खंड. दोन महिने साठा आला नाही की रुग्ण तुटतो, आणि नंतर साठा आला तरी परत येत नाही. यात कोणाच्याही अधिकारकक्षेचा प्रश्न नाही, पुरवठ्याचा आहे. आधी तो सुटायला हवा.

तिसरं, स्थलांतर. बीडकडचं ऊसतोडीला गेलेलं जोडपं दिवाळीनंतर निघतं ते उन्हाळ्यात परततं. ३० दिवसांचा नियम त्यांना लावला तर उपचार संपलाच. जाण्याआधी किती दिवसांच्या गोळ्या द्यायच्या आणि फडावर रक्तदाब कोण मोजणार, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांनी आधी लेखी ठरवून दिलं तर सीएचओ ते करू शकतात. तोंडी ठरवलेलं माणूस बदलला की संपतं.

मेतकूट

नर्सनी लिहावंच. निदान अक्षर तरी लागेल. :)

औषधी_फडताळ

मेतकूट, अक्षराचा मुद्दा गंमतीत घेतलात तरी फार्मासिस्टच्या दृष्टीने तो अगदी खरा आहे. पण आधी एक फरक स्पष्ट करतो, कारण वर तो मिसळला गेलाय.

औषध *देणं* आणि औषध *लिहिणं* कायद्यात वेगळं आहे. १९४५ च्या औषध नियमांत अनुसूची 'के' आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्राशी जोडलेल्या नर्स, एएनएम (सहायक परिचारिका-प्रसविका), बहुउद्देशीय कर्मचारी, अंगणवाडी कार्यकर्त्या यांनी दिलेल्या औषधांना तिथे विक्री परवान्यातून सूट आहे. म्हणून उपकेंद्रात सिस्टर गोळ्या देतात ते कायदेशीर आहे. पण त्याच सिस्टरने चिठ्ठी लिहून दिली आणि रुग्ण ती घेऊन तालुक्याच्या दुकानात आला, तर अनुसूची 'एच' मधलं औषध त्या चिठ्ठीवर देता येत नाही. तिथे नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाचीच सही लागते.

व्यवहारात याचा परिणाम असा: उपकेंद्रात अ‍ॅम्लोडिपिन ही रक्तदाबाची गोळी संपली की सीएचओंकडे रुग्णाला देण्यासारखं काहीच उरत नाही. जी गोळी काल त्यांनी स्वतः हाताने दिली तीच आज त्या लिहून देऊ शकत नाहीत. हा खड्डा बुजवायला डॉक्टरने 'सहा महिने चालू' असं स्पष्ट लिहिलेली, तारीख आणि सही असलेली चिठ्ठी रुग्णाजवळ ठेवणं हा सगळ्यात साधा उपाय. औषधाचं जेनेरिक नाव, ताकद, दिवसातून किती वेळा आणि किती काळ, हे चार तपशील त्यावर हवेतच.

तर्ककर्कश

कायद्याचा विषय निघालाच आहे तर पूर्ण मांडतो.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ च्या कलम ३२ मध्ये 'कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडर' आहे. मर्यादित परवाना, अशा परवान्यांची संख्या नोंदणीकृत डॉक्टरांच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको, प्राथमिक आणि प्रतिबंधक सेवेत ठरवून दिलेली औषधं स्वतंत्रपणे लिहिता येतील, बाकी सगळीकडे डॉक्टरच्या देखरेखीखाली. कायद्यात दार ठेवलं आहे. पण दार ठेवणं आणि त्यातून कोण, कोणत्या परीक्षेनंतर आत येणार हे ठरवणं यात फार अंतर आहे.

हे अंतर न भरता राज्याने स्वतःच घाई केली तर काय होतं, ते आसामने पाहिलं. २००४ च्या राज्य कायद्याने तीन वर्षांचा ग्रामीण वैद्यक पदविकेचा अभ्यासक्रम काढला. गुवाहाटी उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तो कायदा रद्द ठरवला आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला, कारण वैद्यकीय शिक्षणाचा दर्जा ठरवणं केंद्राच्या अखत्यारीत आहे. मधल्या काळात शिकलेली मुलं वर्षानुवर्षं अधांतरी राहिली. नर्सना अधिकार द्यायचेच असतील तर केंद्रीय नियमांतूनच द्या. १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसविका आयोग कायदा २०२३ मध्ये झाला आहे. कामाची व्याप्ती त्याच्या नियमांत, औषधांच्या नावांसकट यायला हवी.

माझा वैद्यकीय आक्षेप वेगळा आहे. प्रोटोकॉल चालतो तो निदान झाल्यावर. पित्त म्हणून पँटोप्राझोल दिलेला ५० वर्षांचा मधुमेही माणूस हृदयविकाराचा असू शकतो. मधुमेहात छातीत कळ न येता नुसती मळमळ, घाम, दम एवढंच असू शकतं. हा संशय येणं हे शिक्षणाचं काम आहे, तक्त्याचं नाही.

रात्रपाळी

आयसीयूचं दार कोणी उघडलं नाही अजून, म्हणून मी.

आजही रात्री दोन वाजता नॉरअ‍ॅड्रेनलिनचा (रक्तदाब टिकवणाऱ्या औषधाचा) पंप नर्सच वरखाली करते. फरक इतकाच की बहुतेक ठिकाणी त्याला लेखी आदेश नसतो. 'बीपी बघून अ‍ॅडजस्ट करा' हा आदेश म्हणता येणार नाही. नीट लेखी आदेशात या गोष्टी हव्यात: लक्ष्य (सरासरी धमनीदाब ६५), सुरुवातीचा वेग, एका वेळी किती वाढवायचं, किती मिनिटांनी पुन्हा बघायचं, कमाल मर्यादा, आणि कोणत्या आकड्याला डॉक्टरला उठवायचंच.

पातळ करण्याचं प्रमाण हा सगळ्यात मोठा धोका. ५० मिलीच्या सिरिंजमध्ये ४ मिग्रॅ भरलं तर १ मिलीत ८० मायक्रोग्रॅम. ताशी ५ मिली म्हणजे ताशी ४०० मायक्रोग्रॅम, मिनिटाला साधारण ६.७, ६० किलोच्या माणसाला किलोमागे मिनिटाला ०.११. शेजारच्या वॉर्डात हेच ८ मिग्रॅ ५० मध्ये भरत असतील तर तोच 'ताशी ५ मिली' डोस दुप्पट होतो. पेशंट एका आयसीयूतून दुसऱ्यात हलवला की ही चूक होते. म्हणून संपूर्ण रुग्णालयात एकच प्रमाण, आणि हस्तांतराच्या वेळी मिली न सांगता मायक्रोग्रॅम सांगायचे.

व्हेंटिलेटर काढण्याची तयारी हे नर्स प्रॅक्टिशनरचं दुसरं मोठं काम. रोज सकाळी गुंगीचं औषध कमी करून बघणं. ऑक्सिजन ४० टक्क्यांपर्यंत, पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब) ५ ते ८, रक्तदाब स्थिर, खोकला आहे, तर स्वतःच्या श्वासावर ३० मिनिटं ते दोन तास चाचणी. श्वास ३५ च्या वर गेला, ऑक्सिजन ९० च्या खाली, नाडी १४० च्या वर, घाम, अस्वस्थता, यातलं काहीही झालं की चाचणी थांबवून पुन्हा आधार द्यायचा. हे काम डॉक्टरच्या राउंडची वाट पाहत अकरापर्यंत ताटकळलं की रुग्णाचा एक दिवस व्हेंटिलेटरवर फुकट जातो.

पण हे एका नर्सकडे चार व्हेंटिलेटर असताना होत नाही. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला पाळीत एकास एक नर्स आणि सर्वसाधारण वॉर्डात सहाला एक हा मान्य निकष. तो पाळला जात नसेल तर वाढीव भूमिका म्हणजे त्याच थकलेल्या माणसावर आणखी एक ओझं. हे मी फार मनापासून लिहितेय.

कातरवेळ

+१ शेवटच्या परिच्छेदाला.

सागरगोटा

प्रसूतीकडे वळू या. नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी म्हणजे आधीच नोंदणीकृत आणि बाळंतपणाच्या खोलीत अनुभव घेतलेली नर्स. तिच्यासाठी 'मिडवाइफच्या नेतृत्वाखालील कक्ष' रुग्णालयाच्या प्रसूती विभागाला लागून असतो. लागून असणं हीच त्याची सुरक्षितता. गुंतागुंत झाली तर स्ट्रेचर पाच मिनिटांत पलीकडे जायला हवं. दहा किलोमीटरवर बांधलेला सुंदर कक्ष उपयोगाचा नाही.

तिथे फक्त कमी जोखमीच्या बायका. आधीचं सिझेरियन, जुळी, पायाळू, रक्तदाब, तीव्र रक्तक्षय असेल तर त्या पलीकडेच. आत घेतल्यावरही बाहेर पाठवायच्या खुणा भिंतीवर लावलेल्या असाव्यात: बाळाचे ठोके ११० च्या खाली किंवा १६० च्या वर, दाट हिरवं पाणी, रक्तदाब १४०/९०, ताप ३८ अंश सेल्सियस, रक्तस्राव, कळा असूनही प्रगती नाही.

जमेची बाजू मोठी आहे. बाईला हवं तसं बसू-चालू देणं, सोबतीला माणूस, गरज नसताना टाके घालावे लागतील असा छेद न देणं, पोटावर दाब न देणं. बाळ बाहेर आल्यावर एका मिनिटात ऑक्सिटोसिन १० युनिट स्नायूत, नाळ एक ते तीन मिनिटांनी कापणं. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. ते ट्रेमध्ये उघड्यावर उन्हाळाभर पडलेलं असेल तर इंजेक्शन दिल्याची नोंद होते, गर्भाशय मात्र आकुंचन पावत नाही. रक्तस्राव डोळ्यांनी अंदाजून नेहमी कमीच वाटतो. मोजपट्टी असलेली पिशवी खाली ठेवली की ५०० मिली ओलांडल्याचं वेळेत कळतं.

तर्ककर्कश यांनी 'निदान झाल्यावर प्रोटोकॉल' म्हटलं. पण झटक्यांचं उदाहरण घ्या. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके आले तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस एएनएमनेच द्यावा आणि मग पाठवावं, ही केंद्राची मार्गदर्शक सूचना २०१० पासून आहे. ५० टक्के द्रावणाची २ मिलीची अँप्युल म्हणजे १ ग्रॅम. एकूण १० ग्रॅम: पाच अँप्युल एका कुल्ल्यात, पाच दुसऱ्यात, खोल स्नायूत. अँप्युलवरची टक्केवारी आधी मोठ्याने वाचायची. हा डोस डॉक्टरसाठी थांबवला तर बाई वाटेत जाते. वेळेपूर्वी कळा सुरू झाल्या (२४ ते ३४ आठवडे) तर बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोन ६ मिग्रॅचा पहिला डोसही पाठवण्याआधी तीच देते. म्हणजे अत्यंत गंभीर प्रसंगात आपण एएनएमवर विश्वास टाकतो. मग रोजच्या साध्या प्रसंगात का अडतो?

तर्ककर्कश

@सागरगोटा: उदाहरण चोख आहे, मान्य. पण त्यात खूण एकच आहे, औषध एकच, डोस एकच आणि पुढे पाठवणं सक्तीचं. अशा प्रत्येक कामाला माझा पाठिंबा आहे. माझा विरोध मोकळ्या पेनाला.

सॅनहोजेकर

इकडची, म्हणजे अमेरिकेतली बाजू. नर्स प्रॅक्टिशनर व्हायला आधी नर्सिंगची पदवी आणि परवाना, मग पदव्युत्तर किंवा डॉक्टरेट पातळीचा अभ्यासक्रम, मग राष्ट्रीय परीक्षा, मग राज्याचा परवाना. विषय आधीच निवडावा लागतो: कुटुंब, बालक, मानसोपचार, तीव्र आजार. फॅमिलीवाल्याने आयसीयूत काम करू नये. नियंत्रित औषधं लिहायला केंद्रीय नोंदणी वेगळी.

राज्याराज्यांत फरक आहे. टेक्सासमध्ये औषध लिहायला डॉक्टरशी लेखी करार लागतो. न्यूयॉर्कमध्ये ३,६०० तास काम झाल्यावर तो लागत नाही. कॅलिफोर्नियाने २०२० च्या कायद्याने टप्प्याटप्प्याने मोकळीक दिली. इथलीही खरी तक्रार तासांबद्दल आहे. अभ्यासक्रमातली थेट रुग्णसेवा किमान ५०० तास होती, नव्या निकषात ७५०. डॉक्टरांची रेसिडेन्सी याच्या कित्येक पट. म्हणून चांगली रुग्णालयं नव्या नर्स प्रॅक्टिशनरला पहिलं वर्ष देखरेखीखाली ठेवतात, कायदा सांगत नसला तरी.

भारताने नक्कल करायचीच असेल तर विषयनिहाय परवान्याची करावी.

निळा_गणवेश

पुरावाही ठेवतो. २०१८ चा कॉक्रेन आढावा (अनेक अभ्यास एकत्र तपासणारा): प्राथमिक सेवेत डॉक्टरांच्या जागी नर्स, १८ यादृच्छिक चाचण्या. रुग्णांची प्रकृती तितकीच किंवा थोडी बरी, समाधान जास्त, तपासणीचा वेळ मात्र जास्त लागतो. त्याआधी २००० साली अमेरिकी वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात १,३१६ रुग्णांची चाचणी आली होती, तिचाही सूर हाच.

तर्ककर्कश

त्या चाचण्यांतल्या नर्स वाढीव शिक्षण घेतलेल्या होत्या आणि बहुतेक चाचण्या श्रीमंत देशांतल्या. तो निष्कर्ष सीएचओंच्या सहा महिन्यांच्या प्रमाणपत्राला जसाच्या तसा लावता येणार नाही. शिवाय महाराष्ट्रात सीएचओंमध्ये बीएएमएस मोठ्या संख्येने आहेत. म्हणजे इथे 'नर्सची वाढीव भूमिका' मोजायला गेलात तर नर्सच कमी सापडतील.

रानजाई

तर्ककर्कश, गरीब भागातला पुरावा हवा असेल तर लांब जायला नको. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत काम केलं. गावातल्याच, थोडं शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची तपासणी शिकवली. जंतुसंसर्गाच्या खुणा ठरवून दिल्या, आणि खुणा जुळल्या व आई-बाप रुग्णालयात न्यायला तयार नसले तर जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि कोट्रायमोक्सॅझोलचं औषध घरीच दिलं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. त्या बाया नर्सही नव्हत्या. जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० पासून गावच्या बायकांना हाताशी धरून काम उभं केलं, ते तर सगळ्यांना ठाऊकच आहे.

पण गडचिरोलीचं काम का जमलं तेही बघा. प्रत्येक कार्यकर्तीकडे ठराविक बाळं, प्रत्येक भेटीची नोंद, आणि पर्यवेक्षक दर पंधरवड्याला वही तपासायला दारात. इंजेक्शनचा अधिकार एकटा सुटा दिला नव्हता. आज उपकेंद्रात सीएचओंनी दिलेल्या औषधांची वही वैद्यकीय अधिकारी महिन्यातून एकदा तरी रुग्णनिहाय वाचतात का? माझ्या मते अधिकाराच्या आधी ही वही वाचणारा माणूस नेमा.

रेवदंडा

कोकणातून दोन उदाहरणं देते, एक नर्सने करावं असं आणि एक अर्ध्यावर थांबावं असं.

पहिलं: लेप्टो, म्हणजे पुराच्या दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस. पुराच्या पाण्यातून चालून आलेल्यांना प्रतिबंधक डॉक्सिसायक्लिन. मोठ्या माणसाला २०० मिग्रॅ एकदा, २४ ते ७२ तासांच्या आत. गरोदर बाई आणि आठ वर्षांखालचं मूल असेल तर डॉक्सिसायक्लिन नको, अ‍ॅझिथ्रोमायसिन. जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर, आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून जखम करते. हे डॉक्टरची वाट न पाहता नर्सने द्यावं. ताप आधीच आलेला असेल तर मात्र प्रतिबंधक डोस देऊन घरी पाठवायचं नाही, तो रुग्ण आहे.

दुसरं: सर्पदंश. २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी उपकेंद्रातही होते. स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत २ मिली रक्त, २० मिनिटं न हलवता उभं, मग एकदाच तिरकं करून बघायचं. नळी प्लास्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल तर रक्त उगाच पातळ राहतं आणि विनाकारण प्रतिविष जातं. चाचणी नर्सने करावी, वेळ लिहावी. पण चाचणीसाठी गाडी थांबवून ठेवायची नाही. प्रतिविष मात्र जिथे अ‍ॅड्रेनलिन भरून तयार आहे, ऑक्सिजन आहे आणि डॉक्टर पोहोचू शकतो तिथेच, कारण प्रतिविषाचीच तीव्र रिअ‍ॅक्शन येऊ शकते.

मेतकूट

आता गंभीरपणे विचारतो. ई-संजीवनीवर (सरकारी दूरवैद्यक सेवेवर) डॉक्टर उपलब्ध असताना नर्सला अधिकार हवेच कशाला?

वैनगंगा

@मेतकूट: चांगला प्रश्न. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन सूचनांमध्ये आरोग्य कर्मचाऱ्याने रुग्णाच्या वतीने डॉक्टरशी बोलणं बसतं, औषध डॉक्टरच लिहितात. नेटवर्क असेल तर फार उपयोगी. पण कॉलची गुणवत्ता पलीकडच्या डॉक्टरपेक्षा अलीकडच्या माणसावर ठरते. 'ताप आहे, औषध सांगा' यावर पॅरासिटामॉलच येणार. त्याऐवजी: '४५ वर्षांचा पुरुष, भातलावणी करणारा, ताप तीन दिवस, आत्ता १०२, नाडी ११०, श्वास २४, ऑक्सिजन ९५, रक्तदाब १००/६०, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल, लघवी कमी, मलेरियाची चाचणी निगेटिव्ह, मला लेप्टोची शंका, पुढे पाठवू का?' या एका वाक्यात तपासणी आणि शंका दोन्ही आल्या. म्हणजे तपासणं आणि निदानाकडे बोट दाखवणं हे काम नर्सकडे आलेलंच आहे, फक्त आपण ते मान्य करत नाही.

कातरवेळ

पदांचं कोणी बोललं नाही. मिडवाइफरी शिकून आलेल्या नर्सला स्वतंत्र पद नसेल तर ती बदलीच्या चक्रात डोळ्यांच्या वॉर्डात जाते. क्रिटिकल केअरवालीचंही तेच: दोन वर्षं शिकली, पदनाम तेच, पगार तेच. सीएचओंच्या पगाराचा एक भाग ठरलेला आणि दुसरा कामाच्या निर्देशकांवर, तेही कंत्राटी. निर्देशक मोजले जातात किती तपासले यावर. किती जणांचा रक्तदाब आटोक्यात राहिला हे मोजलं तर काम आपोआप 'चालू ठेवण्या'कडे वळेल.

रात्रपाळी

आणि चूक झाली तर बाजूने कोण उभं राहणार, हेही लेखी हवं. प्रोटोकॉलवर वैद्यकीय अधीक्षकांची सही, तारीख आणि पुन्हा तपासण्याची तारीख. मुदत संपलेला प्रोटोकॉल पाळणारी नर्स उघड्यावर पडते.

अश्मक

सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नावर येतो, कारण माझं मत दोन ठिकाणी बदललं.

थांबवणं हे काम मी यादीत धरलंच नव्हतं, ते आता पहिलं. आणि 'नव्या रुग्णाचं निदान नर्सवर सोडू नये' हे मी फार सरसकट लिहिलं होतं. वैनगंगांच्या ताप-उदाहरणावरून दिसतं की शंका नोंदवणं हे तिचं काम मानायला हवं आणि रेफर चिठ्ठीवर त्यासाठी वेगळी ओळ हवी. तर्ककर्कश, मोकळ्या पेनाला माझाही विरोध. पण खूण, औषध, डोस आणि पुढचं पाऊल ठरलेलं असेल तिथे पेन तिच्याच हातात असावं, दुकानातही चालेल असं.

वैनगंगा, तुमच्याकडे अशा चिठ्ठीचा नमुना असेल तर टाका.

वैनगंगा

एका पानात मावतो. वरच्या अर्ध्यात: नाव, वय, वजन, वेळ, तक्रार किती दिवस, नाडी, श्वास, रक्तदाब, ऑक्सिजन, ताप, साखर, चालू औषधं डोससकट, दिलेलं औषध आणि दिल्याची वेळ, 'माझी शंका', कोणाशी फोनवर बोलणं झालं. बाई १५ ते ४९ वयाची असेल तर शेवटच्या पाळीची तारीख, ही जागा कधीच रिकामी नको.

खालचा अर्धा भाग फाडून परत येण्यासाठी: अंतिम निदान, बदललेली औषधं, पुढची तारीख. हा अर्धा भाग बहुतेक वेळा परत येत नाही. म्हणून त्यावर उपकेंद्राचा मोबाइल क्रमांक छापायचा आणि आशाला सांगायचं की तिसऱ्या दिवशी घरी जाऊन त्याचा फोटो काढून आण.

निळा_गणवेश

'थांबवलेली औषधं' आणि कारण, ही एक ओळ वाढवा.

वैनगंगा

वाढवली.